यादीत नसलेले नाना

माझ्या ओटीपोटात उजव्या बाजूला जी किडनी आज काम करते आहे ती नानांची. नाना म्हणजे आईचे दुसरे यजमान. मला जन्म दिलेले वडील वेगळे. ते हयात आहेत, तब्येतीनं ठणठणीत आहेत आणि अवयवदानाच्या कायद्यानं माझे 'जवळचे नातेवाईक' तेच आहेत, नाना नाहीत. एवढ्या एका गोष्टीपायी आमच्या घराला कित्येक महिने कागद, सह्या आणि मुलाखती यांतून जावं लागलं. ते सगळं लिहून ठेवते आहे, कारण आमच्यासारखी घरं मुंबईत गल्लोगल्ली आहेत आणि वेळ आली की कुठून सुरुवात करायची हे कुणालाच ठाऊक नसतं.

आधी घरचं थोडक्यात सांगते. माझा जन्म 1987 चा. 1993 साली वडील घर सोडून गेले आणि आई मला घेऊन नायगावच्या बीडीडी चाळीत माहेरी आली. घटस्फोट वांद्र्याच्या कौटुंबिक न्यायालयात झाला. 1995 मध्ये तिनं नानांशी लग्न केलं. नाना बेस्टमध्ये कंडक्टर होते, वडाळा डेपोला. पहिली पाळी असली की पहाटे तीनला उठायचे आणि दुपारी घरी आले की अंगावरची खाकी न उतरवताच मला शाळेतून आणायला यायचे. आईला नंतर मूल झालं नाही. नानांनी मला 'बाबा म्हण' असं कधी सांगितलं नाही, मीही म्हटलं नाही. चाळीत सगळे नाना म्हणायचे, मीही नानाच म्हणायला लागले.

1996 मध्ये ते एका वकिलाकडे गेले होते, मला दत्तक घेता येईल का विचारायला. 1956 च्या हिंदू दत्तक कायद्यात तेव्हा अशी तरतूद होती की बाप जिवंत असेल तर मूल दत्तक द्यायचा अधिकार त्याचाच. आईची फक्त संमती लागायची, तिला स्वतःहून देता येत नसे. (2010 च्या दुरुस्तीनं आईला बरोबरीचा अधिकार मिळाला, पण एकानं द्यायचं तर दुसऱ्याची संमती आजही लागते.) नानांनी वडिलांना पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही. म्हणून शाळेच्या दाखल्यावर, दहावीच्या सर्टिफिकेटवर माझं मधलं नाव वडिलांचं राहिलं आणि लग्नानंतर ते नवऱ्याचं झालं. नानांचं नाव माझ्या नावाला कधी लागलंच नाही. हे तेव्हा कुणाला बोचलं नव्हतं. बोचायची वेळ पंचवीस वर्षांनी आली.

2020 मध्ये पाय सुजायला लागले, लघवीला फेस यायला लागला, ब्लडप्रेशर वाढलं. बायोप्सीत आयजीए नेफ्रोपथी निघाली, म्हणजे किडनीच्या गाळण्या हळूहळू निकामी करणारा आजार. औषधांनी दोन वर्षं रेटली आणि मग क्रिएटिनिन, म्हणजे किडनीनं गाळून टाकायचा रक्तातला टाकाऊ पदार्थ, अशा पातळीला गेलं की डॉक्टरांनी हातात फिस्टुला, म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचण्यासाठी रक्तवाहिन्यांची जोडणी, करून घ्यायला सांगितलं. डायलिसिस सुरू झालं, आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार तास. मी भांडुपला राहते. सेंटरवर न्यायला-आणायला नवऱ्याला दर वेळी रजा कुठून मिळणार? नाना यायचे. निवृत्त झाले होते, लोकलनं यायचे आणि चारही तास बाहेरच्या बाकावर बसून राहायचे. मशीनवरून उठल्यावर गळून गेलेलं असताना समोर ओळखीचा माणूस उभा असणं म्हणजे काय, हे ज्यांनी डायलिसिस काढलंय त्यांना वेगळं सांगायला नको.

प्रत्यारोपणाचा विषय निघाल्यावर पहिला प्रश्न आला, घरात देणारं कोण? नवऱ्याला मधुमेह, ते पहिल्याच तपासणीत बाद झाले. आईला जुनं ब्लडप्रेशर, तिच्याही किडनीवर त्याचा परिणाम दिसला. मरणोत्तर दानातून मिळणाऱ्या किडनीसाठी मुंबईत झेडटीसीसी ही समन्वय समिती प्रतीक्षायादी चालवते, तिचं कार्यालय सायन रुग्णालयात आहे. रुग्णालयामार्फत नाव नोंदवलं, पण त्या यादीत हजारो माणसं आणि दाते मोजके. वर्षानुवर्षं थांबण्याची तयारी ठेवा असं सांगण्यात आलं.

नाना त्या दिवशी काही बोलले नाहीत. दोन दिवसांनी आईकडून कळलं की ते परस्पर जाऊन रक्तगट तपासून आले होते. ओ पॉझिटिव्ह. ओ गटाचा माणूस कुणालाही किडनी देऊ शकतो, हे त्यांनी डेपोतल्या एका जुन्या मित्राकडून आधीच काढून घेतलं होतं.

आम्ही रुग्णालयाच्या समन्वयक बाईंकडे गेलो. बाई चांगल्या होत्या, सरळ बोलणाऱ्या. त्यांनी विचारलं, "हे तुमचे कोण?" मी म्हटलं, "वडील." त्यांनी आधार कार्डं पाहिली, शाळेचा दाखला पाहिला आणि पेन खाली ठेवलं. मग समजावून सांगितलं. 1994 च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यात जवळच्या नातेवाइकांची यादी आहे: नवरा-बायको, मुलगा, मुलगी, आई, वडील, भाऊ, बहीण. 2011 च्या दुरुस्तीनं आजी-आजोबा आणि नातवंडं यांची भर पडली. सावत्र आईवडील त्यात नाहीत. मामा, काका, आत्या, मावशीही नाहीत. यादीतला माणूस देणार असेल तर रुग्णालयातला सक्षम अधिकारीच कागद तपासून परवानगी देतो. यादीबाहेरचा असेल तर प्राधिकरण समितीपुढे जावं लागतं आणि तो देतोय ते आपुलकीपोटी, पैशासाठी नाही, हे सिद्ध करावं लागतं. मग त्या म्हणाल्या, "सख्खे वडील आहेत ना? रक्तगट जुळला तर त्यांचं काम किती सोपं होईल बघा."

मी वडिलांना फोन केला. नंबर आत्याकडून मिळवला. ते नाशिककडे असतात, दुसरा संसार आहे, मुलं मोठी आहेत. त्यांनी ओळखलं, तब्येतीची नीट चौकशी केली, डायलिसिस कुठे करतेस विचारलं, आवाजही हळवा झाला होता. विचार करून सांगतो म्हणाले. चार-आठ दिवसांनी त्यांच्या मुलाचा फोन आला, बाबांना या वयात झेपणार नाही, क्षमस्व. मी ठीक आहे म्हटलं आणि खरंच मनात राग नव्हता. शरीर त्यांचं. कुणी किडनी दिलीच पाहिजे असं कायदा म्हणत नाही आणि म्हणूही नये. पण एक गोष्ट मला त्या दिवशी लख्ख दिसली. ज्यांना माझी इयत्ताही कधी माहीत नव्हती त्यांचा 'हो' एका टेबलावर मंजूर झाला असता, आणि ज्यांनी माझी प्रत्येक इयत्ता पाहिली त्यांना आपला 'हो' खरा आहे याचा पुरावा आणायचा होता.

समितीची गरजच नाही असं मात्र मी म्हणणार नाही. किडनीचा बाजार या देशात खराच आहे. 2016 साली मुंबईतल्याच एका मोठ्या रुग्णालयात खोटी बायको उभी करून किडनी बदलण्याचा प्रकार उघडकीला आला होता. अवयवांच्या खरेदी-विक्रीला आता 5 ते 10 वर्षांची कैद आणि 20 लाख ते 1 कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. गरीब माणसाचं पोट फाडून कुणी पैसेवाल्यानं जगू नये म्हणून ही चाळणी लावलेली आहे. ती असायलाच हवी.

वैद्यकीय बाजू त्या मानानं सरळ गेली. जन्मदात्याकडून अर्धी जनुकं येतातच, त्यामुळे ऊतींच्या तपासणीत आई किंवा बाप निम्मे तरी जुळतात. नाना आणि मी जवळजवळ काहीच जुळलो नाही. मी घाबरले. डॉक्टरांनी सांगितलं की नवरा-बायकोही असेच न जुळणारे असतात आणि त्यांच्या किडन्या वर्षानुवर्षं उत्तम चालतात. आजच्या औषधांमुळे न जुळणं हा अडथळा राहिलेला नाही. खरी महत्त्वाची ती क्रॉसमॅच. माझ्या रक्तात नानांच्या पेशींवर तुटून पडणारी प्रतिपिंडं आहेत का, ते त्यात कळतं. ती निगेटिव्ह आली. मग नानांच्या तपासण्या: चोवीस तासांची लघवी, डीटीपीए स्कॅन, सीटी अँजिओग्राफी, इको, साखर. डॉक्टरांनी तंबाखू सोडायला सांगितली. चाळीस वर्षांची सवय त्या संध्याकाळी सुटली. खिशातली चुन्याची डबी आईनं केराच्या डब्यात टाकली आणि पुन्हा कुणी तिचं नाव काढलं नाही.

आता कागदांचं. अर्ज दाता आणि रुग्ण या दोघांनी मिळून करायचा. दात्याचं नातं काय, का देतोय, हे लिहून द्यायचं. दोघांच्याही तीन वर्षांच्या उत्पन्नाचा पुरावा. एकत्र राहिल्याचा पुरावा. जुने एकत्र फोटो. मानसोपचारतज्ज्ञाचं प्रमाणपत्र. आणि दात्याच्या जवळच्या माणसाची मुलाखत, त्याला हे सगळं माहीत आहे ना, हे पाहायला.

फोटोंनी मला रडवलं. आमच्याकडे कॅमेरा नव्हता. 1990 च्या दशकात चाळीत फोटो निघायचे ते लग्नात, गणपतीत किंवा फोटोवाला आला तर. नाना तर कायम ड्युटीवर, सणाला तर हमखास, कारण सणाला गाड्या जास्त सुटायच्या. शोधून शोधून मिळाले ते असे: राणीच्या बागेत हत्तीच्या पिंजऱ्यापुढे मी त्यांच्या खांद्यावर, डोकं अर्धं कापलेलं, चाळीच्या सत्यनारायणाला घोळक्यात मागे, माझ्या लग्नात अंतरपाटाशी. अठ्ठावीस वर्षांचं आयुष्य आणि हातात पत्त्यांच्या डावाएवढेही फोटो नाहीत. कोण सांभाळून ठेवतं हो, उद्या सिद्ध करावं लागेल म्हणून?

उपयोगी पडली ती आईची पत्र्याची पेटी. तिच्यात माझी तिसरीपासूनची प्रगतिपुस्तकं होती, रबरबँड लावून. प्रत्येक सत्राखाली पालकांच्या सहीची जागा असते, तिथे नानांची सही. सगळीकडे. ते डाव्या हातानं लिहायचे, त्यामुळे शाई पुसली जाऊन सहीच्या शेपटाला नेहमी एक निळा फराटा यायचा. पाचवीत गणितात नापास झाले होते त्या सत्राखाली सही आहे आणि तिच्याखाली बारीक अक्षरात 'बघितले' असं लिहिलेलं. शिकवणीला कुणी नव्हतं, त्यानंतरची दोन वर्षं त्यांनीच मला अपूर्णांक शिकवले, तिकिटांच्या हिशेबावरून. पाव तिकीट, अर्धं तिकीट, सुटे किती परत. मी ती पुस्तकं भांडुप स्टेशनसमोरच्या दुकानात झेरॉक्स करत होते तेव्हा दुकानदार म्हणाला, एवढी जुनी कशाला लागतात? मला सांगताच येईना.

अडलं ते पासबुकात. नानांना ईपीएसची तुटपुंजी पेन्शन, आम्ही दोघं नवरा-बायको नोकरीवाले. देणारा आणि घेणारा यांच्या ऐपतीत मोठी तफावत असली की समितीला ती बघावीच लागते, तसा नियमच आहे. आणि नानांच्या खात्यात माझ्या नवऱ्यानं टाकलेले पन्नास हजार रुपये होते. कशाचे? आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनचे. ते पटवून द्यायला डोळ्यांच्या दवाखान्याचं बिल, डिस्चार्ज कार्ड, आईच्या नावाची पावती असं सगळं जोडावं लागलं. जावयानं सासूच्या डोळ्यांना दिलेल्या पैशांचा खुलासा करताना नाना खाली बघत होते. मला तो कागद टरकावून द्यावासा वाटला होता. समन्वयक बाईंनी पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "आत्ताच विचारलं ते बरं, आत विचारलं असतं तर तारीख गेली असती."

जवळच्या माणसाच्या मुलाखतीला आई चालत होती, पण ती माझीही आई. नानांच्या बाजूचं कुणीतरी हवं, असं सुचवण्यात आलं. म्हणून राजापूरहून नानांचे थोरले भाऊ आले, तुतारी एक्सप्रेसनं दादरला उतरले. मोठ्या काकांचा या सगळ्याला विरोध होता आणि त्यांनी तो लपवला नव्हता. फोनवर नानांना म्हणाले होते, "रक्ताची तरी आहे का ती तुझ्या?" नाना म्हणाले होते, "तू यायचं तर ये, नाहीतर मी वहिनीला बोलावतो." एवढंच.

समितीत रुग्णालयाचे संचालक, प्रत्यारोपणाच्या चमूत नसलेले दोन ज्येष्ठ डॉक्टर, बाहेरच्या दोन प्रतिष्ठित व्यक्ती आणि सरकारी प्रतिनिधी असतात. सगळं व्हिडिओवर रेकॉर्ड होतं. आधी एकेकाला बोलावलं, मग एकत्र. मला विचारलं, सख्खे वडील का देत नाहीत? मी फोनचं सांगितलं, जसं झालं तसं. नाना आत किती वेळ होते कोण जाणे, मला फार वाटला. काय विचारलं ते त्यांनी नंतर तुकड्यातुकड्यांनी सांगितलं. ऑपरेशनमधले धोके माहीत आहेत का? उद्या तुमची उरलेली किडनी बिघडली तर? यांनी तुम्हाला काही कबूल केलंय का? शेवटचा प्रश्न त्यांना झोंबला असणार, पण उत्तर त्यांनी शांतपणे दिलं: "तिनं मला नको म्हणून सांगितलंय, साहेब. तीनदा."

मोठे काका आत गेले तेव्हा माझे हात गार पडले होते. त्यांच्या एका वाक्यावर सगळं फिसकटलं असतं. त्यांना विचारलं, तुमचा विरोध होता का? ते म्हणाले, होता, आजही भीती वाटते, धाकटा भाऊ आहे माझा. मग म्हणाले की पोरगी त्याची आहे यात मात्र मला शंका नाही. 2005 साली तिच्या डिप्लोमाची फी भरायला यानं गावच्या घरातला आपला हिस्सा माझ्या नावावर करून पैसे नेले, तेव्हा मी विचारलं होतं, अरे दुसऱ्याच्या पोरीसाठी घर सोडतोस? तर महिनाभर माझ्याशी बोलला नाही. हिस्सा दिल्याची त्याच्या हातची चिठ्ठी आहे माझ्याकडे.

हे मला तोवर माहीत नव्हतं. आईलाही नाही. फी बेस्टच्या पतपेढीच्या कर्जातून भरली असं नानांनी आम्हा दोघींना सांगितलं होतं. समितीनं चिठ्ठी मागवली, काकांच्या नातवानं राजापूरहून मोबाइलवर फोटो पाठवला, म्हणून मी ती पाहिली. वहीचा फाडलेला कागद आणि खाली डाव्या हाताची सही, शाईच्या फराट्यासकट.

समितीनं बैठकीनंतर चोवीस तासांत निर्णय द्यायचा असतो. दुसऱ्या दिवशी परवानगी आली.

ऑपरेशनबद्दल फार लिहीत नाही. नानांची डावी किडनी दुर्बिणीतून काढली, डावीच बहुधा घेतात कारण तिची शीर लांब असते. ती माझ्या उजव्या ओटीपोटात बसवली. माझ्या जुन्या दोन्ही किडन्या जागच्या जागी आहेत, त्या काढत नाहीत. टेबलावर असतानाच लघवी सुरू झाली असं सर्जननी नवऱ्याला सांगितलं. शरीरानं नवी किडनी नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट आणि प्रेडनिसोलोन ही औषधं आता जन्मभर, घड्याळ लावून.

वडिलांचा फोन आला, मी घरी आल्यावर. नानांनी उचलला. बराच वेळ बोलले, पथ्यपाणी सांगितलं, या एकदा म्हणाले. मला त्याचं नवल वाटलं नाही, नाना तसेच आहेत.

बाप जन्म देणारा मोठा की सांभाळणारा, असं मला आता लोक विचारतात. नातेवाइकांत तर हा गप्पांचा विषयच झालाय. माझं उत्तर स्पष्ट आहे: माझ्यापुरता सांभाळणारा मोठा, आणि त्यात किडनीचा भाग शेवटचा. नानांनी किडनी दिली नसती, त्यांचा रक्तगट जुळला नसता, तरी उत्तर हेच असतं. जन्म देणाऱ्याचं महत्त्व मी नाकारत नाही. माझा चेहरा वडिलांसारखा आहे, हसण्याची ढबसुद्धा त्यांची, असं आत्या म्हणते, आणि त्यांच्याबद्दल मला कुतूहल आहे, राहील. पण कुतूहल वेगळं आणि ताप आल्यावर ज्याला हाक मारावीशी वाटते तो माणूस वेगळा.

कायद्याकडून मला एकच हवं आहे. जवळच्या नातेवाइकांच्या यादीत सावत्र आईवडील आणि मुलाला लहानपणापासून वाढवणारी माणसं यांची भर पडावी. तपासणी ठेवा, कडक ठेवा, एकत्र राहिल्याची वर्षं मागा, पण सुरुवात संशयापासून नको. आणि तोवर, ज्यांच्या घरी अशी नाती आहेत त्यांनी मुलांच्या शाळेची, दवाखान्याची, रेशनकार्डाची जुनी कागदपत्रं, ज्यांवर सांभाळणाऱ्याची सही किंवा नाव आहे, ती फेकू नयेत. लहान मूल असेल तर दत्तकाचं कायदेशीर काम वेळेत करून घ्यावं. सावत्र पालकासाठी आता केंद्राच्या दत्तक नियमावलीत वेगळी वाट आहे, जन्मदात्या पालकाची संमती मात्र लागते.

दात्यानं दर वर्षी तपासणी करायची असते, ब्लडप्रेशर, साखर, क्रिएटिनिन आणि लघवीतलं प्रथिन. नाना दर वेळी पुढच्या महिन्यात बघू म्हणतात. या वर्षीची तारीख मीच घेऊन ठेवली आहे, न्यायलाही मीच जाणार आहे.